‘नेमकं’ या शब्दाबद्दल आत्यास खुलासा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गेल्या रविवारी ओट्याखालचं पाणी पुसताना कंबर धरली, त्यामुळे आठांपैकी तीन अंगं अजून वाकायला तयार नाहीत. तूर्त पाच अंगांचा नमस्कार मानून घे.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, किती क्षेम आहे ते पुढे कळेलच. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची तू सोयच ठेवलेली नाहीस. विचारलं की म्हणतेस, मला काय धाड भरलीय. पोटात लिंबाएवढी गाठ असलेल्या बाईने असं म्हणायला छाती लागते, आणि तुझी छाती तर डॉक्टरांच्या मते आतून जरा नाजूकच आहे. तरी म्हणतेस. तेव्हा तू मजेत आहेस असं मी गृहीत धरते आणि पुढे जाते. (गृहीत धरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे हात बसलेला आहे.)

तुझं पाकीट मिळालं. वरचं अक्षर बघून वाटलं, चला, आत्याने चार प्रेमाचे शब्द लिहिले. आत निघालं इस्पितळात वाटतात ते गुळगुळीत पत्रक. त्यावर नेमबाजीची लाल-पांढरी वर्तुळं, मधोमध रुतलेला बाण, बाणाच्या टोकावर हसणारी गोळी (ती का हसत होती, याचा खुलासा पत्रकात नाही) आणि खाली ठळक अक्षरांत, ‘आता औषध नेमकं गाठीपर्यंत!’ त्यातल्या ‘नेमकं’भोवती तुझ्या लाल पेनाचं वर्तुळ, उद्गारचिन्हावर काट, आणि ज्या अक्षराने भल्याभल्या लेखकांच्या तोंडचं पाणी पळवलं त्याच अक्षरात समासात लिहिलेलं: ‘आधार काय? शंभरातले किती पोचतात? सिद्ध कर, नाहीतर शब्द काढ. तोवर मी सुई टोचून घेणार नाही.’ बस्स. आशीर्वाद नाही, सही नाही, ‘वेळेवर जेवतेस का’ नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवलेल्या बाईने भाचीलाही मुद्रितासारखंच दुरुस्तीला परत पाठवावं, यात तसं नवल नाही. लहानपणी मी तुला वाढदिवसाचं शुभेच्छापत्र करून दिलं होतं, तेही तू दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मला परत केलं होतंस.

आता गंमत बघ. डॉक्टरांनी तुला स्वच्छ सांगितलंय की नेहमीचं औषध तुझ्या हृदयाला झेपणार नाही. राहता राहिलं हे एकच: तेच औषध, पण चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांमध्ये बांधून शिरेतून सोडायचं. त्याची तारीख तू एकदा ‘चष्मा दुरुस्तीला दिलाय’ म्हणून पुढे ढकललीस (सुई डॉक्टर टोचणार आहेत, तू नाही), आणि एकदा ‘घरात पाहुणे आहेत’ म्हणून. पाहुणे म्हणजे दादा, जो त्याच घरात लहानाचा मोठा झाला. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा ढकललंत तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, गाठ काही तारखा बघून वाढत नाही. हे मला दादाने फोनवर सांगितलं. एक शिट्टी फुंकून अख्खी शाळा सरळ रेषेत उभी करणारा तुझा हा व्यायामशिक्षक मुलगा असा काही हमसून रडत होता की मला आधी वाटलं, फोनमध्येच बिघाड आहे. आणि हे सगळं अडलंय कशावर? एका क्रियाविशेषणावर. लोकांची घरं जमिनीवरून मोडतात, भाऊबंदकीवरून मोडतात. आमचं घर व्याकरणावर उभं आहे.

बरं, माझं काम काय ते एकदा नीट सांगते, कारण तू लोकांना ‘आमची भाची औषधाचे कण मोजते’ असं सांगतेस आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मी औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी तराजू घेऊन बसते. आम्ही कण मोजत नाही. ते इतके बारीक असतात की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. मोजायला गेलं तर निवृत्तीपर्यंत पहिला केस संपायचा नाही. रक्तात सोडले की ते कुठे वाहत जातात, कुठे अडकतात, कुठून झिरपतात, याची आम्ही समीकरणं मांडतो. त्यासाठी आधी माणसाचे डबे करायचे. रक्ताचा एक डबा, यकृताचा एक, प्लीहेचा, मूत्रपिंडाचा आणि कोपऱ्यात गाठीचा एक छोटासा. डब्यांना नळ्या जोडायच्या, नळीवर बाण काढायचा, बाणावर आकडा लिहायचा. आकडा ठाऊक नसला तर तिथे एखादं परकं, वळणदार अक्षर लिहायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, यांना आकड्याच्याही पलीकडचं काहीतरी ठाऊक आहे. या कामाला मान आहे. परिषदांमध्ये गळ्यात नावाची पट्टी घालतात.

आमच्या साहेबांना आम्ही गृहीतसाहेब म्हणतो. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आपण असं गृहीत धरू’ पासून सुरू होतं आणि ‘म्हणजे प्रश्नच मिटला’ पाशी संपतं. (चहासुद्धा आम्हीच करणार, हेही त्यांनी गृहीत धरलेलं आहे.) त्यांच्या मॉडेलमध्ये, म्हणजे या डब्या-नळ्यांच्या मांडणीत, गाठ नेहमी गोल असते, अगदी भिंगाखालून बघितली तरी गोल. रक्त एकाच वेगाने वाहतं. रुग्ण आडवा पडलेला असतो, हलत नाही, खात नाही, खोकत नाही, चिडत नाही आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाही. आत्या, मी ती यादी तुझ्या डोळ्यांनी पुन्हा वाचली आणि कळून चुकलं की यातलं एकही कलम तुला लागू पडत नाही. मुळात आडवी पडलेली तू मला आठवतच नाहीस. तरी ठरवलं की जगातल्या सरासरी माणसाचा हिशोब तुझ्या तोंडावर फेकायचा नाही. सरासरी माणसाबद्दलचं तुझं मत मला माहीत आहे. मांडायचा तर तुझाच हिशोब मांडायचा.

म्हणून दादाकडून तुझे आकडे मागवले. उंची, रक्ताचे अहवाल, गाठीचं माप, हृदयाचं काय ते सगळं. वजनही त्याने कळवलं, तुझ्या नकळत; त्याच्यावर चिडू नकोस, तुझ्याकडून आलेल्या आकड्यावर शास्त्र उभं राहिलं नसतं. (वयाचंही तेच. इस्पितळात सांगितलेलं वय आणि खरं वय यांत जी काही तफावत आहे ती मी मुकाट्याने भरून काढली. समीकरणात खरं घातलंय. बाहेर बोलणार नाही.) घरी दुपारची शांतता असते म्हणून रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला, जमिनीवर वायरचा बोर्ड ठेवला, आणि तुला सुरू केलं.

आता यकृताबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचा प्रकार कळायचा नाही. या सगळ्या कारभारात खरा घोळ घालतं ते यकृत. दाराशी खुर्ची टाकून बसलेली एखादी शेजारीण असते ना, जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकून, हाताला धरून आत नेऊन बसवणारी आणि मग न सोडणारी, तसं ते आहे. तुम्ही कितीही नटवून-सजवून कण पाठवा, त्यांचा मोठा ताफा यकृतात अडकतो आणि गाठ बिचारी वाट बघत बसते. (‘बिचारी’ मागे घेते.) आमच्या धंद्यात अशा जागेला सिंक म्हणतात, म्हणजे गेलं ते गेलं, परत येणार नाही. यावर काही लोकांनी एक युक्ती काढली आहे. आधी रिकाम्या कणांची झुंड पाठवायची, शेजारणीचं घर पाहुण्यांनी गच्च भरू द्यायचं आणि ती त्यांच्यात गुंतली की औषधाचे कण हळूच पुढे काढायचे. अजून हे संशोधनातच आहे, तुझ्या उपचारात नाही. पण आमच्याकडची जाळीवाली या युक्तीने झपाटलेली आहे. (जाळीवाली म्हणजे माझी सहकारी. संगणकात रक्तवाहिनीचे बारीक तुकडे पाडून त्यांची जाळी विणते. तिच्या घरच्यांना वाटतं ती क्रोशाचं काम करते.) तिचा त्याच दुपारी फोन आला, आणि आवाज धड येत नव्हता म्हणून मी ओरडून बोलले. काय बोलले ते शब्दशः देते, कारण नंतर घरात ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं: ‘अगं, आधी सिंक तुंबवायचं! भरपूर रिकामे कण सोडायचे, सिंक गच्च भरू द्यायचं, खरा माल मगच!’

सासूबाई शेजारच्या खोलीत पेपर वाचत होत्या. आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक ही या घरातली त्यांची सर्वांत लाडकी वस्तू आहे, तुझा जावई त्यानंतर येतो. त्या सिंकमध्ये चहाचा गाळ टाकणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा मिळालेला नाही. सून ते मुद्दाम तुंबवण्याचा कट फोनवरून उघडपणे रचते आहे, हे ऐकून त्यांनी मला काही विचारलं नाही. (विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. अंदाज करायची आहे.) मी अंघोळीला गेलेली बघून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून प्लंबरचा नंबर घेतला आणि प्रतिबंधक उपाय म्हणून त्याला बोलावून घेतलं. प्लंबर शेजारच्याच इमारतीतला, लगेच आला, ओट्याखाली अर्धा शिरला, नळी उघडली, टॉर्च मारली आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर येऊन म्हणाला (हे सासूबाईंनी मागाहून अभिमानाने सांगितलं), तुंबलेलं नाहीये अजून, पण लक्षणं आहेत. आत्या, मी कितीतरी परिषदांना गेले आहे. पुराव्याचा कण हाती नसताना इतक्या आत्मविश्वासाने बोललेलं वाक्य मी फक्त गृहीतसाहेबांच्या तोंडून ऐकलंय. त्याने एक चांगली चालती नळी काढली, पुन्हा लावली, लावताना वायसर विसरला आणि सासूबाईंचा भरघोस आशीर्वाद घेऊन गेला.

पुढचं तुला सांगायला नकोच. मी अंघोळ करून बाहेर आले, हात धुवायला नळ सोडला, आणि ओट्याखालून धबधबा. पाणी बोर्डात, बोर्डातून ठिणगी, ठिणगीने घरातली वीज गेली आणि विजेबरोबर लॅपटॉप. (त्याची बॅटरी कधीचीच मेलेली आहे, ती बदलायची म्हणून मी आणि तुझा जावई एकमेकांची वाट बघतोय.) तू तोवर प्लीहेपर्यंत पोचली होतीस. यकृतातून बऱ्या स्थितीत बाहेर पडली होतीस, मला फार आशा वाटायला लागली होती. सगळं पाण्यात. मी फडकं घेऊन ओट्याखाली, तिथेच कंबर गेली, आणि सासूबाई दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की मी आधीच ओळखलं होतं, सिंकचं काहीतरी होणार. आता या इमारतीत दूरदृष्टीची बाई म्हणून त्यांचं नाव झालंय आणि सिंक तुंबवणारी म्हणून माझं.

सोमवारी वाकडी होत ऑफिसात गेले आणि तुला मोठ्या संगणकावर चढवलं. तिथे प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. मी दिलं ‘आत्या’. कुठलं काम चालू आहे हे बाहेरच्या मार्गिकेतल्या पडद्यावर दिसत राहतं. तुझे आकडे इतके आडमुठे की सरासरी माणसाला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तुला लागत होता, अर्धा संगणक एकटी तूच खात होतीस, आणि बाकीच्यांची कामं खाली रांगेत ताटकळत होती. जाताना साहेबांनी पडद्यावर बघितलं: आत्या, आत्या, आत्या. त्यांनी मला विचारलं नाही. (तिथेही पद्धत नाही.) त्यांनी गृहीत धरलं, की ज्या नव्या मॉडेलचं आश्वासन ते औषध कंपनीच्या पाहुण्यांना कधीपासून देत आहेत, ते अखेर कुणीतरी बनवलेलं दिसतंय.

पाहुणे बुधवारी आले. औषध बनवणाऱ्या कंपनीची माणसं, सगळी इस्त्रीची. मी मागे बिस्किटांच्या बशीशेजारी बसले होते, बसले म्हणजे टेकले होते. साहेबांनी दिवे मंद केले, आणि भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत तू प्रकट झालीस. ‘आमचं नवं मॉडेल, आत्या.’ माझ्या घशात बिस्किट अडकलं. साहेब म्हणाले, आत्या अतिशय संवेदनशील आहे, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी भडकते. आत्याला सुरुवातीच्या अटी मान्य नसतील तर ती पुढे सरकतच नाही. आत्या स्थिर होईपर्यंत तिला हात लावायचा नसतो. जुन्या मॉडेलांपेक्षा आत्या फार खर्चिक आहे, पण तिच्या तोंडून एकदा उत्तर आलं की ते फिरत नाही. पाहुणे माना डोलावत टिपणं घेत होते. मला सांग, तुला एकदाही न भेटलेल्या माणसाने तुझं इतकं बिनचूक वर्णन करावं, याला गणिताचा विजय नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मग एका पाहुण्याने विचारलं की आत्या हे कशाचं संक्षिप्त रूप आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी जे खरं ते सांगितलं: वडिलांची बहीण.

खोलीभर हशा. साहेब सर्वांत मोठ्याने हसले. आमच्याकडे तरुण मंडळी फार विनोदी आहेत, म्हणाले. (मला ‘तरुण’ म्हटल्याबद्दल तो अपमान मी जागच्या जागी गिळला.) आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण वळला, गुळगुळीत चेहऱ्याचा, त्याच्याच पत्रकासारखा. हो, तोच. तुझ्याकडे आलेलं ते पत्रक याच्याच हाताखाली तयार झालं. त्याने अगदी आपुलकीने विचारलं, मग काय म्हणते तुमची आत्या? शंभरातले किती पोचतात गाठीपर्यंत? आत्या, तू समासात लिहिला होतास तोच प्रश्न, तोच शब्द. उत्तर त्याच सकाळी आलं होतं आणि माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलं होतं. मी उभी राहिले आणि आकडा सांगितला.

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. पत्रकवाल्याने टिपण घ्यायला उचललेलं पेन परत खिशाला लावलं आणि माझी समजूत काढल्यासारखं म्हणाला, हा आकडा पत्रकात बसत नाही हो. मग मी पर्समधून तुझं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, छपाई छान उठलीय म्हणाला, लाल वर्तुळ बघून आधी त्याला तो नक्षीचा भाग वाटला. वाचल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं लोकांनी रंगावर हरकत घेतली, गोळीच्या हसण्यावर घेतली, शब्दावर कुणीच घेतली नव्हती. त्याने मला तिथल्या तिथे शब्द दिला की पुढच्या छपाईत ‘नेमकं’ निघेल. मला गहिवरून आलं. वाटलं, नाव काढलंस आत्या, एका लाल वर्तुळाने तू एक अख्खा उद्योग वळवलास. मी विचारलं, मग त्या जागी काय येणार? म्हणाला, ‘अचूक’.

तर असा सगळा प्रकार. साहेबांनी सभेनंतर माझं अभिनंदन केलं आणि आत्याचं लांब रूप अहवालासाठी लवकरात लवकर हवं म्हणून बजावलं. अहवालात वडिलांची बहीण असं लिहिता येत नाही. जाळीवालीने ‘आकडे त्यांचेच’ असं सुचवलंय. मला पटलं, साहेबांना अजून दाखवायचं धाडस झालेलं नाही. सासूबाईंनी सिंकवर झाकण बसवून घेतलंय. तुझा जावई मजेत आहे, त्याला यातलं निम्मं अजून कुणी सांगितलेलं नाही. दादाला आशीर्वादाऐवजी मोठा रुमाल दे. पत्र फार लांबलं. शुद्धलेखनाच्या चुका वाटेल तितक्या सुधार, फक्त सुधारून परत पाठवू नकोस.

तुझी (वाचून चिडलीस तरी तुझीच) भाची,
किरकिरी

ता. क. तू आत्ता पेन रोखून म्हणत असशील की एवढा पाल्हाळ लावला, आणि आकडा कुठाय? इतकं सगळं तो आकडा लिहायला लागू नये म्हणूनच लिहिलं. लिहिते. शंभरात एक. तोही पुरता नाही, एकाला जरा कमीच. बाकीचे यकृत खातं, प्लीहा खाते, उरलेले इकडेतिकडे संपतात. मी तुझे आकडे बदलून बदलून घातले, रात्रभराच्या झोपेची माती केली, साहेबांच्या गोल गाठीऐवजी तुझी वेडीवाकडी गाठ घातली, तरी एकाच्या वर काही जाईना. खोटं लिहायचं मनात आलं होतं. पण तू पहिल्या ओळीतच पकडलं असतंस. तेव्हा तुझं बरोबर आहे. ‘नेमकं’ला आधार नाही.

ता. क. दुसरा. पण हे पण वाच. साधं औषध दिलं तर ते सगळ्या अंगभर पसरतं आणि तुझ्या हृदयावर जातं, तिथेच डॉक्टरांनी हात टेकलेत. या पुड्यांतलं हृदयाकडे फारसं फिरकत नाही. आणि जो एकाहून कमी पोचतो, तो पोचून तिथे टिकून राहतो, हळूहळू सुटतो. तुझ्या आकड्यांवर गाठ आकसते. लगेच नाही, सगळी नाही, पण आकसते. हे मॉडेल सांगतं, आणि त्याच मॉडेलमध्ये तू हलत नाहीस आणि उलट बोलत नाहीस, तेव्हा त्यावर किती विसंबायचं ते तूच ठरव. मी खात्री देत नाही. माझ्याकडे ती नाहीच. पण तू आयुष्यात एका चुकीच्या शब्दासाठी कुणाचं अख्खं पुस्तक रद्द केलं नाहीस. शब्द खोडलास आणि पान पुढे छापायला दिलंस. हाही खोड. माझ्यातर्फे चांगला जाड खोड. आणि सुई टोचून घे. हे गणित म्हणून सांगत नाही, मला तू हवी आहेस म्हणून सांगते. बाबा गेल्यानंतर माझ्या चुका काढणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

ता. क. तिसरा. हे मी पोस्टाने पाठवलेलं नाही. तोंडी सांगायला गेले असते तर पहिल्याच वाक्याला रडले असते आणि तू मला पाणी देत बसली असतीस, मूळ विषय राहिला असता बाजूला. म्हणून लिहून आणलं आणि दार उघडताच तुझ्या हातात दिलं. मी समोरच्या खुर्चीत बसले आहे आणि तू कितव्या ओळीवर आहेस ते तुझ्या भुवयांवरून ओळखायचा प्रयत्न करते आहे. इस्पितळाची वेळ आजचीच आहे. तुझी पिशवी दादाने भरलीय, तो गाडीत बसलाय, वर यायची त्याची हिंमत नाही. वाचून झालं असेल तर चष्मा काढ, आणि ऊठ.